उभ्या गाडीची रेस

"आयज परत! पदेराचो पों-पों आयकूंकच येना गो. काल उंडे चुकले, आयज पाव चुकतलो. ही गाडी न्हय, पिठाची गिरण!"

शालिनी हे कुणाला उद्देशून बोलली ते कळलं नाही. बहुतेक कुणालाच नाही. ती कुंपणाच्या पलीकडे, मी अलीकडे, मध्ये चिऱ्यांची कंबरभर भिंत, आणि मी ट्रकच्या पुढच्या चाकामागे उकिडवी बसलेली, म्हणून तिला दिसत नव्हते. इंजिनाच्या वर आवाज चढवावा लागल्यामुळे तिची ही पुटपुट अख्ख्या वाड्याला ऐकू गेली असणार, आणि पुटपुटसुद्धा ओरडून करावी लागते याचा तिला वेगळा राग आला असणार. तेवीस वर्षं ती माझी शेजारीण आहे. खाणी चालू होत्या तेव्हा डिचोलीच्या रस्त्याने दिवसाला हजारो ट्रक जायचे, तिच्या दोरीवरचे कपडे लाल व्हायचे, तेव्हा ती एका शब्दाने बोलली नाही. आता एकच ट्रक उरलाय आणि तोही तिच्या भिंतीला लागून उभा असतो. तिची तक्रार खरी होती, सायकलवरून पाव विकत येणाऱ्या पदेराचा भोंगा आमच्या इंजिनात बुडून जायचा. गाडी उभी असताना, गियर न्यूट्रलला असताना, पेडलवर कुणाचाही पाय नसताना इंजिन कसं झोपेतल्या म्हाताऱ्यासारखं श्वास घेत पडलेलं असावं. आमचं इंजिन भांडत होतं. ड्रायव्हर लोक याला रेस चढली म्हणतात. चढलेली रेस मला कानाने कळायच्या आधी दातांत कळते, दाढेत एक बारीक झिणझिणी येते आणि चहाची चव लोखंडासारखी लागते.

सगुणदादाने, आमच्या ड्रायव्हरने, सात वाजता गाडी चालू केली होती, ब्रेकच्या टाकीत हवा भरायला म्हणून, आणि तो चौकातल्या हॉटेलात चहा-भजी खायला गेला होता. तो आठला परत येणार, मग चिरेखाणीवर जाऊन चिरे भरणार आणि साडेदहाच्या सुमाराला हळर्णला पोचणार. हळर्णला ज्या घराचं बांधकाम चाललंय तिथे जाणारी वाट शाळेच्या फाटकाला घासून जाते, आणि साडेदहाला पोरांची मधली सुट्टी होते. हे मला कुणी सांगायला नको. चौथीपर्यंत मी त्याच फाटकातून घंटेबरोबर सुटून रस्त्यावर यायचे, उजवीकडे-डावीकडे न बघता, समोरच्या बोरीखाली कोण आधी पोचतं या एकाच विचाराने. आदल्या संध्याकाळपासून मला ती वाट दिसत होती. बोर आता तिथे नसेल, पण पोरं असणारच. म्हणजे माझ्याकडे पाऊण तास होता, आणि त्या पाऊण तासात मला ट्रकमध्ये काहीतरी बिघडलेलं सापडायला हवं होतं. काहीही सापडलं असतं तरी मी त्या लोखंडाच्या पाया पडले असते.

मी क्रमाने गेले. क्रम मला कुणी शिकवलेला नाही. यशवंत, माझा नवरा, गेला तेव्हा ट्रकबरोबर आलेलं हिंदी पुस्तक कपाटात कोरंच पडलेलं होतं, त्यातल्या चित्रांवरून आणि सगुणदादाच्या पाठीमागे उभं राहून मी शिकले. आधी रेसचं पेडल. त्याच्याखालची चटई सरकून पेडल दाबलेलं राहतं कधीकधी, म्हणून चटई उचलली. खाली खाणीची लाल माती होती, बारा-तेरा वर्षांपूर्वीची, कितीही धुतली तरी राहिलेली. पेडलला हाताने वर ओढून बघितलं, ते आधीच पूर्ण वर होतं. मग खाली उतरून, चाकामागून हात घालून केबल. डिझेलच्या पंपाच्या आकड्यातून ती काढून टाकली. केबल अडकत असती तर ती काढल्याबरोबर इंजिन शांत झालं असतं. ते तसंच भांडत राहिलं. मग स्प्रिंग. बोटाने आकडा पुढे ढकलून सोडला, खट् करून तो मागे आला, नव्या गाडीच्या इमानाने. मग पेचकसाचं पातं पंपाला लावलं आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवली. डॉक्टर छातीला नळी लावतात तसंच आहे हे, फक्त पंप कधी तोंड वाकडं करत नाही. आत सगळं नीट चाललं होतं. एकही ठोका चुकत नव्हता. एकोणीस वर्षांची गाडी, आणि तिच्या आत काहीही बिघडलेलं नाही, हे ऐकून एरवी माझे डोळे भरून आले असते.

असे डोळे माझे भरून येतात, आणि हर्षा, माझी मुलगी, त्यावर हसते. "आई, तुका मनशांपरस मशीन आवडता." तिचं अर्धंच खरं आहे. खाणी बंद झाल्या त्या वर्षी या वाड्यावरचे ट्रक ताडपत्र्या पांघरून उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी यशवंत छातीत कळ येऊन गेला, तेव्हा मला ट्रकची भीती वाटायची. अंगणात मेलेला हत्ती असावा तसा तो होता, उचलता येत नाही आणि दुर्लक्षही करता येत नाही. तेराव्याला माणसं पांगली तेव्हा सगुणदादा एकटा मागे राहिला. तो गोव्याच्या हद्दीपलीकडचा, दोडामार्गाकडचा, यशवंतकडे ड्रायव्हर. दुसरीकडे त्याला कुणीही ठेवून घेतलं असतं. त्याने ताडपत्री काढली, घडी करून ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "वैनीनू, रोज सकाळी धा मिनटां चालू करूची. नायतर बॅटरी मरतली." आणि चावी माझ्या हातात दिली. स्वतः नाही चालू केली. मला वर चढवलं, मी साडी आवरत, रडून सुजलेल्या तोंडाने चावी फिरवली, आणि तो हत्ती उठला. त्या दिवसाचा थरथराट अजून माझ्या मांड्यांत आहे. बाईमाणसाने हे कशाला, असं तो तेव्हा म्हणाला नाही, नंतरही नाही. मी पहिल्यांदा ऑइल बदललं आणि अर्धं अंगणात सांडलं तेव्हाही तो एवढंच म्हणाला, "जमीन पण मशीनच, तिका पण ऑइल व्हया." हर्षाच्या बारावीच्या पेपराला बस चुकली, तेव्हा तिला त्याने रिकाम्या टिपरने परीक्षाकेंद्रावर पोचवलं, शेणखत ओतून आलेला टिपर, आणि ही पोर केबिनमध्ये रसायनशास्त्र वाचतेय. ती आज म्हापशाला औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. या घरात उभं असलेलं काय काय त्याच्या उजव्या पायावर उभं आहे, हे मोजायला बसले तर मी रात्रीची जेवणार नाही.

उजवा पाय. विचार तिथे आला आणि मी तो घाईने दुसरीकडे वळवला, अंगणात वळवतात कोंबडीला तसा.

स्क्रू उरला होता. पंपाचा आकडा मागे येऊन ज्याच्यावर टेकतो तो छोटा स्क्रू, आणि तो फिरू नये म्हणून त्याच्यावर आवळलेला नट. तिथे बघायचं मी शेवटपर्यंत टाळलं होतं, कारण तिथे काय दिसणार ते मला माहीत होतं. गेल्या पंधरवड्यात तीनदा मी त्या स्क्रूला मागे फिरवून रेस उतरवली होती, आणि तिन्ही वेळा ती परत चढली होती. पहिल्यांदा वाटलं, गाडीच्या हादऱ्याने ढिला होत असेल. दुसऱ्यांदा नट जोर लावून आवळला. तिसऱ्यांदा हर्षाची नेलपॉलिश घेतली, गुलाबी, आणि नटावरून खालच्या पट्टीवर एक बारीक रेघ ओढली. हादऱ्याने फिरला तर रेघ हळूहळू सरकेल, हाताने फिरवला तर तुटेल. मी वाकून, मोबाइलचा उजेड पाडून बघितलं. रेघ तुटून तिचे दोन तुकडे एकमेकांपासून नखभर लांब गेले होते. नट घट्ट होता. कुणीतरी तो सोडवून, स्क्रू पुढे घेऊन, परत माझ्याइतक्याच काळजीने आवळला होता, आणि कपड्याने पुसलाही होता. मागच्या खोलीत राहणाऱ्या आणि पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाशिवाय या अंगणात पाना कुणाच्या हाताला बसतो? मी संध्याकाळी उतरवायची, सगुणदादाने पहाटे चढवायची. पंधरा दिवस आम्ही एका स्क्रूवर एकमेकांशी बोलत होतो, आणि दिवसभर शेजारी शेजारी बसून पावसापाण्याच्या गप्पा मारत होतो.

रेस चढलेली असली की पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये गाडी आपोआप चालते. नुसता क्लच सोडायचा, ती सरपटत जाते. उजवा पाय लावावाच लागत नाही. हे मला पंधरवड्यापूर्वी कळलं असं मी स्वतःला सांगते.

त्या बुधवारी डिचोलीच्या बाजारात मी केबिनमध्ये त्याच्या बाजूला बसले होते. बाजाराच्या दिवशी त्या वळणावर कुणीच कुणाला वाट देत नाही. टोपल्या, स्कूटर, पिशव्या घेतलेल्या बायका, सगळं एकमेकांत गुंतलेलं. समोर सगळे थांबले. आमची गाडीही थांबलेली होती, आणि मग ती थांबलेली नव्हती. एक हिसका, फार मोठा नाही, कुणी पाठीत बुक्की मारावी एवढा. पुढच्या स्कूटरवरची बाई आडवी झाली, तिच्या पिशवीतल्या सुक्या मिरच्या रस्ताभर पसरल्या. कोपर खरचटलं, मागचा दिवा फुटला, बास. ती उठून आम्हाला शिव्या घालत होती, आणि मी तिच्या प्रत्येक शिवीबद्दल तिची ऋणी होते, कारण शिव्या देणारा माणूस धड असतो. पण तो हिसका बसला त्या क्षणी मी खाली बघितलं होतं. का बघितलं माहीत नाही. सगुणदादाचा अनवाणी पाय पेडलवर होता, बोटं पांढरी पडेपर्यंत दाबलेला, सगळ्या जिवानिशी दाबलेला, आणि ते पेडल ब्रेकचं नव्हतं. त्याचा चेहरा समोर होता, ब्रेक दाबणाऱ्या माणसाचा चेहरा. मग माणसं जमली, कुणीतरी विचारलं काय झालं, आणि त्याने तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "रेस चढता हिची. जुनी गाडी." तो माझ्याकडे बघायचा थांबला. म्हणजे बघता बघता त्याने नजर काढून घेतली. मी त्याला वाचवलं असं मला वाटलं. खरं म्हणजे मी त्याच्या हातात एक पाना दिला आणि रोज पहाटे उठायचं काम दिलं.

त्यानंतर सगळ्यांनी ते माझं वाक्य उचललं. किती सोयीचं होतं ते! प्रवीण मेकॅनिक गाडीकडे न बघताच म्हणाला, केबल बदला. हर्षालाही मी फोनवर तेच सांगितलं. सगुणदादाच्या डायबेटिसच्या गोळ्यांची पाकिटं तीच आणून देते, त्या गोळ्या घेणाऱ्या माणसांच्या पायांचं काय होतं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी म्हणाली, "रेसचंच बघ, आई. नीट बघ." गंगाने, त्याच्या बायकोने, गावाहून फोन केला होता, एरवीसारखाच, आंबाड्याच्या लोणच्याबद्दल. मध्येच म्हणाली, रविवारी हे चुलीपाशी बसले होते, निखारा पायाखाली आला, कातडं जळाल्याचा वास मला आला तेव्हा मी ओरडले. यांना काही नाही. मी विचारलं, मग? ती म्हणाली, "मग काय, नवी चप्पल चावली म्हणान सांगतत. मी पण तसाच सांगतंय." आणि परत लोणच्यावर गेली. मीही गेले. आम्ही दोघींनी मीठ किती घालायचं यावर दहा मिनिटं घालवली. प्रेमाने माणसं किती मन लावून खोटं बोलतात. आणि त्या प्रत्येक खोट्याबद्दल मला आतून बरं वाटत होतं, एवढी माणसं त्या एका पायावर पांघरूण घालताहेत, असा कुणाचा पाय असतो?

पण आज चिरे भरायचे होते, आणि साडेदहा वाजता घंटा होणार होती. दुसऱ्या कुणाला पाठवते म्हणावं तर त्याला कारण द्यावं लागतं. गाडी बिघडली म्हणावं तर गाडी बिघडलेली नाही, आणि तो ती पाच मिनिटांत तपासेल. मी जमिनीवर बसल्या बसल्या नट सोडवला, स्क्रू मागे फिरवला. इंजिन उतरत उतरत आलं, भांडण संपल्यावर घरात पसरते तशी शांतता पसरली, दाढेतली झिणझिणी गेली. पलीकडून शालिनी म्हणाली, "देव बरें करूं." आभार मानायचे आमचे शब्द, पण ते ती देवाला म्हणाली. मी केबल परत लावली, नट आवळला आणि पाना एप्रनच्या खिशात टाकला.

तो फाटकातून येताना मी बघत होते. चालताना हल्ली तो जमिनीकडे बघतो, पैसे हरवलेल्या माणसासारखा. माझ्यासाठी वर्तमानपत्रात गुंडाळून मिरचीभजी आणली होती.

"वैनीनू, परत खाली शिरलात? कापडां सगळी ऑइलाची."

"रेस उतरवलंय, सगुणदादा."

तो गाडीजवळ येऊन उभा राहिला, मान तिरकी करून ऐकत. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच आम्ही त्या गोष्टीचं नाव घेतलं होतं.

"कशाक? बरी होती ती."

"शालिनीक पदेर आयकाक येना नाय."

"तिका सांगा, माझ्या गाडयेचो हॉर्न पदेराक देतंय. आख्खी डिचोली जागी जातली." आम्ही दोघंही हसलो. मग तो हसायचा थांबला. "पण इतकी खाली ठेवल्यार चढावार बंद पडतली. अर्धो फेरो द्या. अर्धोच."

माझा हात खिशात पान्यावर होता. पाना गार होता. अर्धा फेरा दिला तर तो जाईल, सरपटत जाईल, बहुतेक नीटच जाईल. तो गेली चाळीस वर्षं नीट गेलाय. बहुतेक. मी भजी घेतली, एक तुकडा तोडला, तोंडात टाकला. जिभेला मिरची लागली आणि मला त्या रस्त्यावर पसरलेल्या मिरच्या दिसल्या, आणि त्यांच्या जागी दप्तरं.

"मागचो ब्रेकाचो दिवो पेटता काय बघूया पयलो," मी म्हणाले. "वर चड. मी मागे रवतंय. दाब सांगलंय काय ब्रेक दाब."

खरं तर दिवे तपासायला मला कुणी लागत नाही. पेडलवर चिरा ठेवायचा आणि मागे जाऊन बघायचं, एवढंच असतं, आणि हे त्यानेच मला शिकवलंय. चाकांना पुढून-मागून दगड होते, गियर न्यूट्रलला होता, मी दोनदा बघितलं होतं. मी काय करतेय ते त्याला कळलं असावं. तरी तो चढला. दांडीला धरून, पाय कुठे ठेवतोय ते डोळ्यांनी बघत, हळू. मी ट्रकच्या मागे गेले. मागच्या फळीवर यशवंतने रंगवून घेतलेलं कमळ आहे, त्याच्या पाकळ्या कधीच गेल्यात. दिव्याची लाल काच माझ्या डोळ्यांसमोर होती, तिच्यात माझंच तोंड, लहान आणि लाल.

"दाब!"

इंजिन वर चढलं. मोठ्याने, चढत चढत, पत्रा थरथरायला लागला, धूर माझ्या पायांवर आला. काच काळीच राहिली.

"दाबलंय!" पुढून त्याचा आवाज आला.

मला थांबता आलं असतं. "परत दाब," मी ओरडले.

इंजिन किंचाळलं. कुंपणापलीकडे शालिनी बाहेर येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आणि मग हात खाली सोडून. काचेत उजेड आला नाही. माझं तोंड तेवढं हलत होतं. मग एकदम सगळं बंद झालं. त्याने चावी काढली होती. कुठेतरी कोंबडा, कुठेतरी नळाचं पाणी, एवढे छोटे आवाज अजून जगात होते.

मागून पुढे यायला अकरा पावलं लागली. केबिनचं दार उघडं होतं. तो आत बसून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून खाली, आपल्या पायाकडे बघत होता, झोपलेल्या पोराकडे बघतात तसा, उठवावं की नाही असा. मी दाराशी उभी राहिले. मला त्याचे उपकार एकामागून एक आठवत होते आणि एकही उपयोगाचा नव्हता.

"बल्ब गेलो असतलो," मी म्हणाले. अजूनही. "मी बदलतंय, दोन मिनटां..."

"बल्ब बरो आसा," सगुणदादा म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं. घाबरलेला नव्हता, थकलेला होता, आणि त्याच्या तोंडावर काहीतरी सुटल्यासारखं दिसत होतं. "बल्ब बरो आसा, केबल बरी आसा, गाडी बरी आसा. खयच्या पेडलार माझो पाय आसा, ता माका कळणा नाय, वैनीनू. वरीस झाला. आता माका गाडी देव नकात."